बारावीपर्यंत इंग्रजी, तरी व्हायवाला गप्प का?

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमातून शिकला. बारावीला इंग्रजीत चांगले गुण मिळाले. आता तो मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय समजतो, पण व्हायवाला एक्स्टर्नलसमोर तोंड उघडत नाही. कॉलेजात संवादकौशल्याचा तास झाला, तरी फरक नाही. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : क्लासचे पैसे तूर्त राहू द्या. मुलाची अडचण खरी आहे, पण तिचं मूळ वेगळीकडे आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं मुलं ही भाषा शिकतात; पण शिकतात ती पेपर लिहिण्यापुरती. धडा मराठीतून समजावला जातो, उत्तरं पाठ होतात आणि बोलण्याची वेळ क्वचितच येते. मग अभियांत्रिकीत सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत येतात. २०२१पासून काही महाविद्यालयांत मराठीतून अभियांत्रिकी शिकता येऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. तरी यंत्राची मॅन्युअल्स आणि सुट्या भागांच्या डेटाशीट्स बहुतेक इंग्रजीतच असतात.

यावर उपाय म्हणून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात इंग्रजी आहे, पण १६० क्रेडिटपैकी अवघं तीन क्रेडिटचं. तेवढ्या वेळातही पुष्कळदा ‘स्वतःची ओळख करून द्या’ आणि ठरावीक विषयांवरची गटचर्चा, एवढंच होतं. व्हायवाला विचारतात ते प्रयोगाबद्दल, आणि प्रयोगाबद्दल बोलायला कुणी शिकवलेलंच नसतं. व्यवसायाच्या गरजेनुसार इंग्रजी शिकवायचं शास्त्र १९६०च्या दशकापासून जगभर विकसित झालं आहे. शिकणाऱ्याला कामात जे बोलावं-लिहावं लागतं तिथून सुरुवात करा, हे त्याचं साधं सूत्र.

हे प्रत्यक्षात कसं दिसेल? मुलानं प्रयोगशाळेत लोखंडी सळई ताणून तोडण्याची चाचणी केली असेल. घरी त्याला विचारा, ‘काय झालं रे?’ तो सांगेल, ‘सळई आधी ताणली जाते, मग एका जागी बारीक होते आणि तिथेच तुटते.’ आता हेच त्याच क्रमानं इंग्रजीत : ‘द रॉड स्ट्रेचेस. इट गेट्स थिन ॲट वन प्लेस. इट ब्रेक्स देअर.’ तीन छोटी वाक्यं, आणि एक्स्टर्नलला हवं ते उत्तर आलं. विचार मराठीत पक्का असला की इंग्रजी त्याच्या मागून येतं. जर्नलचं कन्क्लूजन वर्गातली सगळी मुलं एकमेकांचं उतरवतात. ते प्रत्येकानं स्वतःच्या चार वाक्यांत लिहायचं ठरवलं, तर वर्षभराचा सराव आपोआप होईल.

फर्डं इंग्रजी आलं की काम झालं, हाही समज सोडायला हवा. जानेवारी २००३मध्ये नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. धोका किती, हे अभियंत्यांनी नासाला स्लाइड्समधून सांगितलं. तुकडा आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा असावा, हे कळवणारे आकडे एका स्लाइडच्या अगदी तळाशी होते आणि मथळा मात्र दिलासा देणारा. १ फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं आणि कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. अपघाताला इतरही कारणं होती, पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात ती स्लाइड छापून या मांडणीवर टीका केली. तिथे भाषा कुणालाच कमी येत नव्हती. महत्त्वाची गोष्ट आधी आणि स्पष्ट सांगायची राहून गेली.

म्हणून संवादकौशल्य हा अभियांत्रिकीचाच भाग मानायला हवा. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत यावं, आणि विषयाच्या प्राध्यापकांनी व्हायवाला मोडकंतोडकं पण स्वतःचं उत्तर आलं तर त्याला मान द्यावा. मुलाच्या चुकीला हसलं की तो पुन्हा बोलत नाही.

तुम्ही एवढंच करा : रोज दहा मिनिटं त्याच्याकडून एक प्रयोग आधी मराठीत, मग इंग्रजीत ऐका. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. मध्येच टोकू नका, पूर्ण ऐकून घ्या.