चहा-खारी हा ‘हलका’ आहार नव्हे

“डॉक्टर, जेवण जातच नाही. नुसता चहा आणि चार खाऱ्या खातो,” असे सांगणारे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. त्यांत मधुमेहाचे असतात, रक्तदाबाचे असतात, हृदयविकाराचेही असतात. खारी-टोस्ट म्हणजे पचायला हलका आहार, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती कितपत खरी आहे, हे आज पाहू.

बेकरी आपल्याकडे कशी आली?

बेकरी ही आपल्याला परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी दिलेली देणगी आहे. ‘पाव’ हा शब्द मूळ पोर्तुगीज. गोव्यातले पोदेर माडाची सूर घालून पीठ आंबवीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान भागांतून झरतुष्ट्री कुटुंबे मुंबई-पुण्यास आली आणि त्यांनी चहाची हॉटेले व बेकऱ्या काढल्या. मुंबईत धोबी तलावाजवळचे ‘क्यानी’ १९०४ सालचे, तर पुण्याच्या लष्कर भागातली ‘कयानी बेकरी’ १९५५ सालची. अरणगावच्या मेहेराबादमुळे इराणी आडनावे नगरकरांना नवी नाहीत. पुण्याहून येताना श्रूजबरी बिस्किटांचा पुडा आणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. या मंडळींचा ब्रून पाव आणि मावा केक चवीला उत्तमच. प्रश्न चवीचा नाही, रोजच्या सवयीचा आहे.

आत काय असते?

पाव : मैदा, यीस्ट, मीठ आणि पाणी. मैद्यात कोंडा नसल्याने त्यातला स्टार्च लवकर पचतो व रक्तातील साखर झपाट्याने वाढते.

टोस्ट : पाव दुसऱ्यांदा भाजून त्यातले पाणी उडवले की टोस्ट होतो. हातात हलका लागतो, पण १०० ग्रॅम पावात सुमारे २५० कॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या टोस्टमध्ये ४०० च्या आसपास. बहुतेक टोस्टमध्ये साखरही असते.

खारी : मैद्याच्या घड्यांमध्ये वनस्पती तुपाचे थर. खारी खुसखुशीत होते ती या तुपामुळे. शिवाय मीठ असतेच.

वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून जास्त असू नये, असा नियम आहे. मात्र त्यामुळे खारी निर्धोक झाली असे नाही. संपृक्त चरबी, मैदा आणि मीठ हे सर्व राहतेच.

काय करावे?

१. मधुमेहींनी न्याहारीला टोस्ट-खारी घेऊ नये. ज्वारी-बाजरीची भाकरी व भाजी, मोड आलेली मटकी किंवा भाज्या घातलेला उपमा घ्यावा.

२. रक्तदाबाच्या रुग्णांनी दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत ठेवावे. त्यात लोणचे-पापडाबरोबर खारी आणि पावही मोजावेत.

३. तापातून उठलेल्या माणसाला पेज, मऊ भात-वरण, मुगाची खिचडी द्यावी.

४. ब्राऊन ब्रेडच्या रंगावर जाऊ नये. वेष्टनावरील घटकांच्या यादीत जो पदार्थ आधी, तो सर्वांत जास्त. तेथे पहिले नाव ‘मैदा’ असेल, तर तो मैद्याचाच पाव.

५. खारी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नये. छपाईची शाई पोटात जाणे बरे नव्हे. हे वर्तमानपत्रही वाचण्यासाठीच ठेवावे!

निरोगी माणसाने आठवड्यातून एखादे वेळी मस्का पाव खाल्ला तर बिघडत नाही. परंतु ज्याला जेवणच जात नाही आणि जो महिनाभर चहा-खारीवर आहे, त्याने बेकरीऐवजी डॉक्टरांकडे जावे. भूक मंदावणे हे क्षयरोग, कावीळ, मूत्रपिंडाचे विकार अशा आजारांचेही लक्षण असते. खारीने पोट भरते, पण त्यामुळे आजार मात्र झाकला जातो.