‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’

कळंबच्या बाजारात फवारणीचा पंप घेणाऱ्या शेतकऱ्यास दुकानदार ‘गॅरंटी आहे’ असे सांगतो. घरी येऊन कागद पाहावा, तो त्यावर ‘वॉरंटी’ असे छापलेले असते. मराठीत आपण दोहोंसही ‘हमी’ म्हणतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. म्हणून या दोन इंग्रजी शब्दांचा भेद आज पाहू.

उत्पत्तीने हे सख्खे भाऊ होत. दोन्ही जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले. उत्तर फ्रान्सच्या बोलीत ज्या शब्दांच्या आरंभी ‘व’ येई, त्यांच्या आरंभी मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘ग’ येई. वसतिगृहाचा ‘वॉर्डन’ आणि पोरक्या मुलाचा ‘गार्डियन’ ही अशीच जोडी आहे.

कायद्यात मात्र या भावांची घरे वेगळी आहेत. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे वॉरंटी म्हणजे मालाविषयी दिलेले दुय्यम वचन. ते मोडल्यास भरपाई मागता येते. परंतु तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. गॅरंटी हे तिसऱ्या मनुष्याविषयीचे वचन होय. ‘त्याने कर्ज न फेडल्यास मी फेडीन,’ असा त्याचा भाव. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 126 मध्ये धनको, ऋणको व जामीन असे तीन पक्ष सांगितले आहेत; आणि कलम 128 प्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. यास्तव कर्जाच्या कागदावर ‘गॅरंटर’ या शब्दाखाली केलेली सही ही साक्षीदाराची सही नव्हे. शेजाऱ्याचे कर्ज थकले, तर ते आपल्या दारी येते.

बाजारात ‘गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती’ असे म्हणतात. पण हा भेद कायद्याने ठरविलेला नाही. म्हणून शब्दावर न जाता कागद वाचावा: वचन कोणी दिले, किती महिन्यांचे, कोणत्या भागाविषयी? पक्के बिल घ्यावे व कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्यावा. वचन न पाळल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये 2 वर्षांच्या आत यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तीसाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही.

ज्यांस वाचता येते त्यांनी हा भेद न वाचणाऱ्या शेजाऱ्यास सांगावा, आणि तोही सही करण्यापूर्वी सांगावा.