उतारावरच्या परसात मसाल्याची खोली: बजेट आधी, खड्डा नंतर



खांडबाऱ्याहून एका ताईंनी विचारलंय: "सर, मिरची कांडपाचा धंदा सुरू करायचाय. घरामागे परसात जागा आहे, पण ती उताराची. दहा बाय सोळाची खोली काढली तर किती खर्च येईल?"

प्रश्न नवापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांचा आहे. घर सपाटीवर आणि परस खाली ओढ्याकडे उतरलेलं. नंदुरबारची मिरची हाताशी, खांडबाऱ्याला सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन. धंद्याची कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच की उतारावर पैसा जमिनीखाली जातो आणि तो कुणाला दिसत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. पहिली शेड मी अशाच जागेत बांधली. खोदलेली काळी मातीच जोत्यात भरली आणि यंत्र ठेवलं खालच्या कोपऱ्यात. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी खचली, यंत्र कललं, दुरुस्तीत भांडवल गेलं. ऐन हंगामात माल घ्यायला हातात पैसे नव्हते. शेड होती, धंदा नव्हता! म्हणून आजचा धडा.

पायरी १: बजेट उलटं लिहा

आपण आधी खोली बांधतो आणि उरलेल्या पैशात यंत्र बघतो. हे उलटं करा. कागदावर वरून खाली असं लिहा:

१. तीन महिन्यांचा कच्चा माल आणि पॅकिंग
२. यंत्र, मोटर, वीजजोडणी
३. अडीअडचणीसाठी एकूण रकमेच्या निदान १० टक्के
४. उरलं ते बांधकाम

चौथ्या ओळीत पैसे कमी पडले तर खोली लहान करा. पहिल्या ओळीला हात लावायचा नाही.

पायरी २: उतार मोजा

गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या आणि तिच्यात पाणी भरा. वर एक, खाली एक खुंटी ठोका. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीची खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमचा उतार. समजा १६ फुटांत २ फूट उतार निघाला.

पायरी ३: खोली आडवी ठेवा

पाणी आत येऊ नये म्हणून फरशी वरच्या बाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच धरू. आता हिशेब बघा.

खोलीची लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली, तर खालच्या टोकाला जोतं अडीच फूट होतं. भराव लागतो साधारण २४० घनफूट, म्हणजे २.४ ब्रास. चारही बाजूंची जोत्याची भिंत ७८ चौरस फूट.

तीच खोली आडवी ठेवली, म्हणजे १० फुटांची बाजू उताराकडे, तर खाली जोतं पावणेदोन फूट. भराव १.८ ब्रास. भिंत ५८.५ चौरस फूट.

खोली तीच, क्षेत्रफळ तेच. फक्त दिशा बदलली आणि भराव, भिंत दोन्ही पाव हिश्शाने कमी! मुरूम, दगड आणि मजुरीचे तुमच्या गावचे भाव लावा, बचत रुपयांत दिसेल.

पायरी ४: इथे काटकसर नको

भराव मुरमाचाच करा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी फोडते. मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून धुमसाने ठोका. जोत्याचं काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे पावसाळ्याआधी हातात वेळ राहतो.

वरच्या बाजूला, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, पाणी वळवायला चर काढा. चर नसेल तर उतारावरचं सगळं पाणी तुमच्या भिंतीवर येईल.

जुन्या घराच्या भिंतीत नवी भिंत गुंतवू नका. नवं बांधकाम थोडं बसतं आणि सांध्यावर तडा जातो. मध्ये फट ठेवा आणि वरून पत्र्याने झाका.

यंत्र नेहमी वरच्या बाजूला ठेवा, जिथे भराव कमी आहे. त्याचा पाया भरावातून खाली मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्या. पोती आणि पॅकिंगचं टेबल खालच्या बाजूला चालेल.

पायरी ५: कागद आधी

घर कोणाच्या नावावर आहे, ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ उताऱ्यावर बघा. बांधकामाची परवानगी घ्या. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणीही लागते.

पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या महिला, अनुसूचित जमाती अशा विशेष प्रवर्गांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वतःचा वाटा असं गणित आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही आणि योजना नव्या उद्योगासाठी आहे. म्हणून "आधी बांधून घेऊ, मग अर्ज करू" असं करू नका. आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. खोलीला किती खर्च येईल, हे उतार मोजल्याशिवाय मीच काय, कुणीच सांगू शकत नाही. आणि पैसे फारच कमी असतील, तर पहिल्या हंगामात ओसरीवर पॅकिंग करा, कांडप गावातल्या गिरणीतून करून घ्या. गिऱ्हाईक परत आलं की खोली बांधा. गिऱ्हाईक नसताना बांधलेली खोली नुसती अडगळीची होते.

आजचा गृहपाठ: दोन खुंट्या, एक नळी आणि बजेटच्या चार ओळी. आज संध्याकाळीच करा. खड्डा खणायला घाई नाही!