कंबर दुखते, गोळी सोडू का?

हिंगणघाट तालुक्यातील वाचकाची विचारणा: एचआयव्हीसाठी एआरटी केंद्रातली गोळी तीन वर्षे सुरू आहे. कंबर दुखते, क्रिएटिनिन थोडे वाढले आहे. गोळी बंद करावी का?

मुळीच नाही, असे तज्ज्ञ सांगतात. या टीएलडी गोळीत ३०० मिलिग्रॅम टेनोफोविर असते. काहींच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना ते बाधते. फॉस्फेट लघवीवाटे जाते, हाडे कमजोर होतात. पण त्याच गोळीतले डोल्युटेग्राविर मूत्रपिंडाला इजा न करताही क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढवते. म्हणून लघवीतली प्रथिने आणि साखरही तपासावी.

कापूस वेचून कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणले जाते. टेनोफोविरसोबत ते मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

मूत्रपिंड खरोखर बिघडले, तर टेनोफोविरऐवजी अबाकाविर देता येते. तो निर्णय केंद्रातील डॉक्टरांचा. पुढच्या खेपेला वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्या आणि त्यांना दाखवा.