दुखरा खांदा आणि प्रश्नांची भाषा

तंजावरच्या मराठी राज्याच्या इतिहासात वैद्यकास मानाचे स्थान आहे. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालाच्या द्वारे औषधनिर्मितीस व उपचारांस आश्रय दिला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे चित्रांसह जतन केलेली आहेत. या टिपणांत वैद्याने जे पाहिले, ते नोंदलेले असते. डोळ्यांत उतरलेला मोतीबिंदू वैद्यास दिसतो. परंतु दुखऱ्या खांद्यामुळे एखाद्या स्त्रीला स्वतःची वेणी घालता येत नाही, ही गोष्ट क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. ती रुग्णाने स्वतःच सांगावी लागते. तिचे सांगणे मोजता यावे यासाठी जे साधन तयार झाले, त्यास रुग्ण-प्रश्नावली म्हणतात.

खांदा व हात यांच्यासाठी अशा दोन प्रश्नावल्या विशेष प्रसिद्ध आहेत. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘स्पाडी’ या प्रश्नावलीत १३ प्रश्न असून त्यांपैकी ५ वेदनेविषयी व ८ अडचणींविषयी आहेत. १९९६ साली पुढे आलेल्या ‘डॅश’ या प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तरास १ ते ५ गुण दिले जातात. या गुणांच्या सरासरीतून १ वजा करून बाकीस २५ ने गुणले की ० ते १०० च्या दरम्यानचा एक अंक मिळतो. शून्य म्हणजे काहीही अडचण नाही, शंभर म्हणजे पराकाष्ठेची अडचण. उपचारापूर्वीचा व उपचारानंतरचा अंक ताडून पाहिला असता रुग्णास कितपत गुण आला, हे कळते.

या प्रश्नावल्या मूळच्या इंग्रजीतील आहेत. त्या तमिळमध्ये किंवा मराठीत आणताना पहिली अडचण शब्दांची येते. इंग्रजीत मनगटापुढील भागास एक शब्द आहे व खांद्यापासून खालच्या भागास दुसरा. मराठीतील ‘हात’ आणि तमिळमधील ‘कै’ हे शब्द मात्र दोहोंसाठी चालतात. ‘बाहू’ हा शब्द ग्रंथांत शोभतो, पण दवाखान्यात कोणी ‘माझा बाहू दुखतो’ असे म्हणत नाही. म्हणून ‘खांद्यापासून बोटांपर्यंत’ असे सरळ वर्णन करणेच इष्ट ठरते.

याहून अवघड अडचण चालीरीतींची आहे. पाठीमागच्या खिशातून वस्तू काढताना किती त्रास होतो, असे स्पाडीमध्ये विचारलेले आहे. तंजावर जिल्ह्यातील भातशेतीत राबणारी स्त्री साडी नेसते. तिला पाठीमागे खिसाच नसतो. येथे खिशासाठी अचूक प्रतिशब्द शोधून काहीही साधत नाही. हा प्रश्न का विचारला आहे, हे भाषांतरकाराने प्रथम समजून घेतले पाहिजे. हात पाठीमागे नेऊन आत वळविण्याची हालचाल जमते की नाही, हे येथे जाणून घ्यावयाचे आहे. कमरेला पुढे खोचलेले पैसे काढण्याचा दाखला दिला, तर वाक्य ओळखीचे होईल, परंतु हालचाल हरवेल. रोज नऊवारी नेसणाऱ्या स्त्रीला पाठीमागे कासोटा खोचण्याविषयी विचारले, तर हेतू राखला जातो. तसेच डोक्यावरून घालावयाच्या स्वेटराच्या जागी पोलक्याचा उल्लेख करणे चुकीचे होईल. कारण समोर हुका असलेले पोलके घालताना हात डोक्याच्या वर न्यावे लागत नाहीत. उंच दांडीवर कपडे वाळत घालण्याचा दाखला मूळ हालचालीच्या अधिक जवळ जातो.

ही केवळ नेटकेपणाची बाब नव्हे. डॅशच्या ३० प्रश्नांपैकी किमान २७ प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज अंक काढता येत नाही. स्वेटर, पलंगावरील बिछाना, गोल्फसारखा जोराचा खेळ आणि फ्रिस्बीसारखा हात मोकळा फिरविण्याचा खेळ, हे चारच प्रश्न तिने कोरे सोडले, तरी तिच्या दुखण्याचा हिशेबच होत नाही. तिचा खांदा दुखतच राहतो. कागदावर मात्र ती रुग्ण म्हणून उरत नाही.

म्हणूनच २००० साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक पद्धतीत हे काम एकट्या भाषांतरकारावर सोपविलेले नाही. प्रथम दोन व्यक्ती आपापल्या मातृभाषेत स्वतंत्र भाषांतरे करतात. त्यांपैकी एकीस विषयाची माहिती असते, दुसरीस नसते. दोन्ही भाषांतरे जुळवून एक मसुदा तयार होतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्ती तो मसुदा पुन्हा मूळ भाषेत आणतात. मग वैद्यकतज्ज्ञ, भाषातज्ज्ञ व भाषांतरकार यांची समिती सर्व पाठ ताडून पाहते. अखेरीस ३० ते ४० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी कोणता अर्थ घेतला, हे त्यांनाच विचारले जाते. यानंतरही नवी प्रश्नावली विश्वसनीय आहे की नाही, याची वेगळी कसोटी घ्यावी लागते. स्पाडीची तमिळ आवृत्ती अशा कसोट्यांसह २०१२ साली प्रसिद्ध झाली.

तंजावरात या विषयाला आणखी एक पदर आहे. १८५५ साली राज्य खालसा झाले, तरी तेथील मराठी घराण्यांतून मराठी बोलली जात राहिली. तमिळच्या सहवासात ती पुण्याच्या मराठीहून वेगळी झाली, आणि अनेकांना देवनागरीपेक्षा तमिळ लिपी अधिक परिचयाची झाली. पुण्यात सिद्ध केलेली प्रश्नावली केवळ ‘मराठी’ म्हणून अशा घरातील आजीबाईंच्या हाती देणे योग्य होणार नाही. त्यांना कदाचित तमिळ प्रश्नावलीच सोयीची वाटेल. वाचता येत नसल्यास ती वाचून दाखवावी लागेल. कोणती भाषा हवी, हे त्यांच्या आडनावावरून ठरवू नये, त्यांनाच विचारावे.

प्रश्नावलीचे भाषांतर शब्दकोशाच्या आधारे सुरू होते, परंतु ते पूर्ण झाले की नाही, याचा निवाडा रुग्णच करतो. प्रश्न ऐकून त्याने कोणाचीही मदत न घेता आपल्याच हाताचा विचार केला आणि उत्तर दिले, तर भाषांतर साधले असे समजावे.