देहातील जल आणि क्षार : व्रतस्थांनी जाणून घ्यावे असे काही

भोजपूरच्या शिवमंदिराचे दर्शन मंडीदीपकरांस नवे नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने या परिसरात बांध घालून जो विस्तीर्ण तलाव निर्माण केला, त्यातील एक बेट म्हणजेच आपले मंडीदीप, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे पंधराव्या शतकात होशंगशहाने तो बांध फोडला आणि तलाव ओसरला, असेही सांगतात. तलावाचे आयुष्य आवक, जावक आणि बांध या तिहींवर अवलंबून असते. मनुष्यदेहाचेही तसेच आहे. भेद इतकाच, की देहातील बांध सजीव असून तो क्षणोक्षणी आपली दारे उघडमीट करीत असतो. ज्येष्ठातील कडक ऊन आणि निर्जला एकादशी ही एकत्रच येत असल्यामुळे या बांधाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पाणी असतो. स्त्रियांत हे प्रमाण थोडे कमी, तर नवजात बालकात सुमारे 75 टक्के असते. 60 किलो वजनाच्या पुरुषाच्या देहात अदमासे 36 लिटर पाणी असते. त्यापैकी 24 लिटर पेशींच्या आत व 12 लिटर पेशींच्या बाहेर राहते. बाहेरच्या पाण्यात सोडियम, म्हणजे आपल्या मिठाचा मुख्य अंश, विपुल असतो. आतल्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. पेशीच्या आवरणात एक अतिसूक्ष्म यंत्रणा आहे. ती प्रत्येक फेऱ्यात सोडियमचे तीन कण बाहेर टाकते व पोटॅशियमचे दोन कण आत घेते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी 1957 साली तिचा शोध प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांस 1997 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतूंतून वाहणारा संदेश आणि हृदयाचा ठोका ही दोन्ही कार्ये याच भेदावर चालतात.

आता बांधाच्या दारांकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात परत घेतात. मूत्ररूपाने साधारण दीड लिटरच बाहेर पडते. देहातील पाणी किंचितही घटले, की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. मेंदूतील एक केंद्र ते ओळखते, तहान जागी करते आणि पीयूषिका ग्रंथीतून असे संप्रेरक सोडते, की जे मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देते. मूत्राचा रंग गडद होणे ही त्याचीच खूण होय. वृद्धापकाळी मात्र तहानेची ही सूचना मंदावते. म्हणून आजोबा ‘मला तहान नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या देहास पाण्याची गरज नाही असे समजू नये.

केवळ पाणीच पुरेसे आहे काय? नाही. भट्टीजवळ वा उन्हात श्रम करणाऱ्याच्या घामातून पाण्यासह मीठही जाते. अशा वेळी निव्वळ पाणी अतोनात प्याल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन भोवळ, मळमळ, प्रसंगी झटकेही येतात. आपल्या घरोघरी उन्हाळ्यात कैरीचे पन्हे गूळ आणि मीठ घालून करतात, मठ्ठ्यात मीठ टाकतात, त्यामागे केवळ रुचीच नाही.

मीठ आणि साखर यांच्या या मैत्रीचे मोल 1971 साली सिद्ध झाले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पाण्यात ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा मिसळून ते रुग्णांस तोंडाने पाजविले. पाजणारे बहुधा रुग्णांचे आप्तच होते. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. कारण असे, की आतड्यात साखरेचा कण सोडियमला सोबत घेऊनच आत शिरतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाबात इतर वाटा बिघडल्या तरी ही वाट बहुधा शाबूत राहते.

म्हणून ‘जुलाब होत असता मुलास पाणी देऊ नये’ ही समजूत घातक आहे. पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र सुकते. औषधालयात मिळणारी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अधिक पडू देऊ नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले वा लघवी थांबली, तर विनाविलंब वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

उपवासाच्या पदार्थांविषयीही दोन शब्द. साबुदाण्यात बहुतांशी पिष्टच असते. राजगिऱ्यातून मात्र लोह व कॅल्शियम मिळते. लोह अंगी लागण्यास लिंबू वा आवळा साहाय्य करतो, तर जेवणाबरोबरचा चहा अडथळा आणतो. बटाटा, रताळे, केळे व शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसास ते हितकर. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास तेच साचून हृदयाच्या ठोक्यास बाधा करू शकते. उपवासाच्या सैंधवात आयोडीन सहसा नगण्य असते. गलगंड टाळण्यास ते आवश्यक असल्याने एरवीच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे, तेही दिवसाकाठी सर्व मिळून पाच ग्रॅमच्या आत.

राहता राहिला व्रताचा प्रश्न. व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या, त्यांत जल, मूळ, फळ, दूध आणि औषध यांची गणना आहे. निर्जला एकादशीचा नियम याहून कठोर खरा. तथापि बालक, वृद्ध व आतुर यांना मोकळीक देण्याचीच आपली परंपरा आहे. गर्भवती, मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी आणि लघवी वाढविणारी औषधे घेणारे यांनी वैद्यास विचारल्यावाचून पाणी सोडू नये. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस हे सांगण्याचे काम लहानांनी संकोच न करता, परंतु आदराने करावे. द्वादशीचे पारणे सुखरूप देहाने घडले, तरच एकादशी पूर्ण झाली, असे म्हणणे योग्य ठरेल.