गीतचित्रणाविषयी भाच्यास पत्र

होटगी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र, त्यासोबत धाडलेले गाणे आणि चित्रणाचा कच्चा आराखडा ही तिन्ही पोहोचली. आराखडा न वाचता मी आधी गाणे ऐकले, हे बरे झाले. कारण कामधंद्यासाठी परगावी गेलेल्या आणि पुढे न परतलेल्या बापाची वाट पाहणाऱ्या लेकीचे ते गाणे तुझ्या मित्राने ज्या संयमाने बांधले आहे, आणि स्वर चढवणे जिथे सोपे होते तिथे तो ज्या निश्चयाने खाली उतरला आहे, त्याचा ठसा मनावर ताजा असताना तुझ्या आराखड्यातील अपघात, रुग्णालय, मुसळधार पाऊस आणि शेवटी स्मशान यांपैकी एकाचीही उणीव मला भासली नाही. तुझी पुंजी ४०,००० रुपयांची आहे असे तू संकोचाने लिहितोस. परंतु ४ लाख असते तरी माझा सल्ला हाच असता.

माझे सांगणे एकच आहे, आणि पुढे जे लिहीन तो त्याचाच विस्तार समज. गाण्याने जे दुःख शब्दांत आणि स्वरांत सांगून टाकले आहे ते चित्राने पुन्हा सांगू नये. चित्राने त्या दुःखातल्या माणसाच्या हाताला एखादे काम द्यावे आणि ते काम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत त्याच्याकडून तडीस न्यावे. गाणे अश्रूंविषयी बोलत असता पडद्यावरही अश्रूच आले, तर प्रेक्षकाने स्वतः जे जाणावे ते आपण त्याच्या हातून काढून घेतो. ज्यांच्या घरातून माणूस गेला आहे अशी घरे तू पाहिली आहेस. तिथे रडणे थोडा वेळ चालते आणि काम दिवसभर चालते, आणि त्या कामात हात मध्येच थबकतो तेव्हा पाहणाऱ्यास सर्व काही कळते. चार मिनिटांत एका आयुष्याची कथा मावत नाही. एक लहानसे काम मात्र सुरू होऊन, अडून, पुन्हा मार्गी लागून पुरे होऊ शकते, आणि कथेला तेवढेच पुरते.

असे काम शोधण्यास दूर जावयास नको. पौषात आपल्याकडे ज्वारीची कणसे हुरड्यावर येतात, भोरड्यांचे थवे रानात उतरू लागतात, आणि ज्या घरी राखणीला माणूस आहे तिथे अजूनही गोफण निघते. बापाने जाण्यापूर्वी लेकीसाठी वळून दिलेली गोफण पहिल्या कडव्याआधीच तुटते, अशी कल्पना कर. नवी कशी वळावी हे आजीला ठाऊक आहे, पण तिची बोटे आता वळत नाहीत. म्हणून आजी सांगते आणि नात वाखाला पीळ देते, चुकते, उलगडते, पुन्हा पीळ देते. आपल्या रानाच्या बांधावरून विजापूर–गदगकडे जाणारी गाडी दिसते. ती एकदा जाते, मुलगी मान वर करून पाहते आणि पुन्हा हातातल्या दोरीकडे वळते. शेवटच्या ध्रुपदाला गोफणगुंडा सुटतो आणि थवा उठतो. बाप कुठेही दाखवू नकोस. त्याचे छायाचित्र नको, त्याच्या चपला नकोत, खुंटीवरचा सदरा नको. त्याने वळलेली एक वस्तू तुटली आणि तशीच दुसरी त्याच्या लेकीने वळली, एवढ्यात तो पुरेपूर येतो. ही कथा तुला रुचली नाही तर तुझी तू शोध, माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो एका वस्तूचा आणि एका कामाचा.

एकाच वस्तूवर कथा चालेल काय, अशी शंका तुला येईल, म्हणून दादासाहेब फाळक्यांचे स्मरण देतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांसमोर आला; पण त्यापूर्वी, भांडवल देणाऱ्यास या विद्येची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचे एकेक चित्र घेऊन लहानसा चित्रपट तयार केला होता. नट नाही, वेश नाही, देखावा नाही. एक बी आणि त्याचे वर येणे, आणि तेवढ्यावर माणसे थक्क झाली. त्यात तुझ्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे: मोठ्या खर्चात पडण्यापूर्वी त्यांनी लहान प्रमाणावर प्रचीती पाहिली. तूही तसेच कर. आपल्या दूरध्वनीवर साधी स्थिर छायाचित्रे काढ, घरातल्याच कोणास आजीच्या आणि नातीच्या जागी बसव, आणि ती छायाचित्रे क्रमाने गाण्याखाली लावून पाहा. जिथे तुझे स्वतःचे लक्ष उडेल तिथे कथेत भोक आहे असे समज. या उद्योगाला एक पैसाही लागत नाही, आणि तो न केल्यामुळे पुढे जो पैसा वाया जातो त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता मापाविषयी. तुझ्या मित्राचे गाणे बरोबर ४ मिनिटांचे, केरव्यातले, आणि लय मिनिटाला ८० मात्रांची आहे. म्हणजे एकूण ३२० मात्रा, आठ मात्रांची ४० आवर्तने आणि प्रत्येक आवर्तन ६ सेकंदांचे. एका कागदावर ४० ओळी आख, आणि प्रत्येक ओळीसमोर शब्द कोणते, वाद्य कोणते आणि दृश्य कोणते हे लिही. ज्या ओळीसमोर दृश्य लिहिता येत नाही ती मोकळी राहू दे. तिथे आधीचेच दृश्य लांबवता येईल. प्रत्येक आवर्तनाला दृश्य बदलण्याचा मोह धरू नकोस. पीळ देणारी बोटे सलग तीन आवर्तने दिसली तर प्रेक्षक कंटाळत नाही, उलट तो स्वतः पीळ देऊ लागतो. हा कागद म्हणजे तुझे दप्तर. चित्रणाच्या दिवशी त्यावर झालेल्या कामाची खूण होत गेली पाहिजे, कारण त्या धांदलीत स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे असते.

उजेड हा तुझ्या खर्चातला सर्वांत मोठा जिन्नस ठरला असता. तो पौषात फुकट आहे. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि दिवसभर काहीसा दक्षिणेकडे कललेला राहतो. सकाळचा पहिला दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास एवढाच कामाचा मान, आणि मधल्या उन्हात मंडळींना जेवू घाल, झोपू दे किंवा घरातले प्रसंग उरकून घे. चेहऱ्यावर सावली पडली तर मांजरपाटाचे पांढरे कापड ताणून धर. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात अशाच पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. त्या विद्येचा आपल्याकडचा पाया त्यांच्या हातांनी घातला गेला, हे तू विसरू नयेस असे मला मनापासून वाटते. घरात नळीच्या दिव्याखाली चित्रण करशील तर शटरचा वेग १/५० ठेव, कारण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि वेग जुळला नाही तर चित्रावर पट्टे सरकतात.

रानाच्या बाबतीत मात्र कालहरण करू नकोस. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी काशफुलांच्या रानात एक दिवस चित्रण केले आणि काही दिवसांनी उरलेले करावयास ते गेले, तो गुरांनी सारे रान खाऊन टाकलेले, तो एक प्रसंग पुरा करण्यास पुढच्या वर्षाचा हंगाम उजाडावा लागला. ज्वारीचेही तसेच आहे. कणसे पक्व झाली की मालक काढणीला थांबणार नाही आणि त्याने थांबावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. म्हणून रानातले सर्व चित्रण सलग दोन-तीन दिवसांत आटोप आणि घरातले मागे ठेव. थवा उठण्याचे दृश्य शेवटचे असले तरी पहिल्याच सकाळी घ्यावयास लाग. पाखरे हुकमाची ताबेदार नाहीत, आणि ते दृश्य मिळेपर्यंत रोज सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागेल. गोफण फिरत असता तिच्या समोर किंवा बाजूला कोणीही उभे राहू नये. कॅमेरा मुलीच्या बराच मागे आणि खोळंबा न होईल असा लावावा.

मुलीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मुंबईहून शिकवलेली बालनटी आणण्याचा तुझा विचार सोडून दे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी अभिनयाचा गंध नसलेला मुलगा आपल्याच भागातून निवडला, आणि त्याच्या चालण्यात, हलगीवर पडणाऱ्या त्याच्या हातांत जे सत्य होते ते कोणत्याही शाळेत शिकवून आले नसते. ज्या मुलीने खरोखर राखण केली आहे तिला ‘दुःखी हो’ असे कधी सांगू नकोस. गोफण वळ असे सांग, आणि वाख थोडा अवघड दे. परंतु ती दहा-अकरा वर्षांची असेल तर कायद्याचे बंधन पाळलेच पाहिजे. बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार बालकलावंताकडून दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि तिच्या मिळकतीपैकी निदान २० टक्के रक्कम तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. लहान कामाला कोण विचारतो, असे तुला कोणी सांगेल. त्याचे ऐकू नकोस. तिची शाळा बुडवू नकोस, आणि तिच्या आईला चित्रणाच्या जागी बसण्यास हक्काची जागा दे.

कोणी ओठ हलवून गावे, असे तुझ्या आराखड्यात दोन ठिकाणी आहे. ते काढून टाक. ‘कागज के फूल’ या १९५९ च्या चित्रपटात गुरुदत्त आणि वहिदा रेहमान यांच्यातला जो विख्यात गीतप्रसंग आहे, त्यात दोघांपैकी कोणाचेही ओठ हलत नाहीत; आवाज गीता दत्त यांचा, आणि ती दोन माणसे केवळ उभी आहेत, एकमेकांकडे येत आहेत. न बोललेले बोलणे ऐकू यावे हीच तर गाण्याची जागा. शिवाय ओठ जुळवणे हे वेळखाऊ काम आहे, आणि वेळ म्हणजेच तुझा पैसा.

पैशाची तजवीज करताना अन्न प्रथम लिही. जी माणसे स्नेहापोटी तुझ्याकडे राबणार आहेत त्यांना वेळेवर भाकरी, आमटी, शेंगाचटणी आणि दोन वेळा चहा मिळाला पाहिजे. या रकमेत काटछाट करणारा माणूस मंडळींचे मन गमावतो. त्यानंतर रानाच्या मालकाचा आणि मुलीचा मोबदला, मग प्रवास, मग यंत्रसामग्री, आणि एकंदर रकमेचा दहावा हिस्सा कशालाही हात न लावता शिल्लक. कॅमेरा भाड्याने आणण्यापेक्षा चांगला तिपाई स्टँड आण. आजचे दूरध्वनीसुद्धा तुझ्या कामापुरते चित्र देतात, परंतु हलणारा हात ते लपवू शकत नाहीत. ड्रोन नको. सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे आणि त्याच्या आसपास परवानगीवाचून उडवण्याची मुभा नाही, हे एक कारण; आणि आकाशातून पाहिले की आजीची बोटे दिसत नाहीत, हे दुसरे. रुळांवर किंवा जंक्शनच्या आवारात परवान्यावाचून पाऊल ठेवू नकोस. गाडी बांधावरून दिसते तेवढीच आपल्याला हवी आहे, आणि वेळापत्रकात ती कितीही नेमकी छापलेली असली तरी तू अर्धा तास आधी कॅमेरा लावून बस.

शेवटी मित्राशी करावयाच्या करारनाम्याविषयी. मैत्रीत कागद कशाला, असे दोघांनाही वाटेल. पण कागद असला म्हणजे मैत्रीवर भार येत नाही. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा हक्क संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने ते मुद्रण करविले त्याचा. तिघे एकच असले तरी तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणून मुदत आणि प्रदेश हे दोन्ही रकाने मोकळे सोडू नका. मी मसुदा लिहावयास घेतला आहे. त्यात घालावयास कवीचे आणि संगीतकाराचे संपूर्ण नाव, मुद्रण कोणी आणि कोठे करविले तो तपशील, आणि पौषातल्या कोणत्या आठवड्यात तुम्ही मंडळी येणार हे परतटपाली कळव. रानाच्या मालकाशी बोलणे मी त्याआधी करून ठेवीन, आणि मुलीच्या आईबापांना भेटावयास मात्र तू स्वतः यावेस. ताईस माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा